भूतदयेचा ताळेबंद

वाचवलेल्या कुत्र्या-मांजरांसाठी निधी जमवायला गाण्याचा कार्यक्रम ठेवला, की दोन आवाज हमखास उठतात. पहिला म्हणतो, माणसे पदपथावर झोपत असताना कुत्र्यांसाठी कसल्या मैफली? दुसरा म्हणतो, मुक्या जिवांसाठी कोणी काही करत आहे ना, मग चिकित्सा कशाला करता? पहिल्याला हे काम होऊच नये असे वाटते, दुसऱ्याला त्याची तपासणी होऊ नये असे वाटते. मुंबई, पुणे, पणजी अशा शहरांत आता अशा संध्याकाळी होतात. मैदानावर छोटा मंच, तरुणांचा बँड, कडेला दत्तक द्यायला आणलेली पिल्ले, टी-शर्टचे आणि खाण्याचे स्टॉल, खांबाखांबावर देणगीसाठी क्यूआर कोड. हे कार्यक्रम व्हावेत, आणखी व्हावेत, असे माझे मत आहे. पण त्यांतून काय निघावे, हे विचारण्याचा अधिकार तिकीट काढणाऱ्याला आहे तसा न काढणाऱ्यालाही आहे. कारण ज्या कुत्र्यांसाठी पैसे जमतात ती आपल्या सगळ्यांच्या रस्त्यावर राहतात.

कलेच्या जोरावर सार्वजनिक कामाला पैसा उभा करण्यात कमीपणा काही नाही. महाराष्ट्राला ही रीत चांगली ठाऊक आहे. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या एकमेकींशी चुरस असलेल्या दोन कंपन्यांनी मिळून खाडिलकरांचे ‘मानापमान’ केले. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर उभे राहिले आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला गेले. त्या रात्री आलेल्यांपैकी कित्येक जण केवळ गाणे ऐकायला आले असतील. त्याने फंडाचे काही बिघडले नाही. श्रोत्याचा हेतू किती शुद्ध होता हा प्रश्न गौण आहे. पैसा कुठे पोहोचला आणि त्याने काय केले, हा खरा प्रश्न आहे.

तो न विचारल्याने काय होते, याचेही उदाहरण आहे. 1 ऑगस्ट 1971 रोजी रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी दोन कार्यक्रम केले. तिकिटांचे सुमारे अडीच लाख डॉलर युनिसेफकडे लगेच पोहोचले. त्यानंतर निघालेल्या ध्वनिमुद्रिकांचे आणि चित्रपटाचे उत्पन्न त्याहून कितीतरी मोठे होते. पण धर्मादाय कामाची कायदेशीर तजवीज आधी झालेली नसल्याने त्यातला मोठा भाग अमेरिकेच्या करखात्याच्या कचाट्यात अनेक वर्षे अडकून पडला. हेतू निर्मळ होता, कलावंत थोर होते, श्रोते उदार होते. तेवढ्याने भागले नाही. छावणीतल्या मुलाला हेतू खाता येत नाही.

आता पहिल्या आवाजाकडे वळतो. ‘आधी माणसे, मग कुत्री’ हे ऐकायला न्याय्य वाटते. त्यामागचे गृहीत मात्र तपासायला हवे. करुणा ही टाकीतल्या पाण्यासारखी मोजकी असते, एकाला दिली की दुसऱ्याला तेवढी कमी पडते, असे ते गृहीत आहे. इतिहास याच्या उलट सांगतो. प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी 1824 मध्ये लंडनला जी संस्था निघाली तिच्या संस्थापकांत विल्यम विल्बरफोर्स होता, ज्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आयुष्य वेचले. 1874 मध्ये न्यूयॉर्कमध्ये घरात छळ सोसणाऱ्या एका लहान मुलीची सुटका करायला प्राणिसंरक्षक संस्थेचा हेन्री बर्ग पुढे आला आणि त्या खटल्यातूनच मुलांच्या संरक्षणाची पहिली संस्था उभी राहिली. दुबळ्याला होणारा त्रास ज्यांना दिसतो, त्यांना तो दोन पायांवर चालणाऱ्याचाही दिसतो आणि चार पायांवर चालणाऱ्याचाही.

तरीही या आक्षेपाच्या पोटात एक खरी वेदना आहे, आणि तिला बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. भटकी कुत्री कोणाला चावतात? पहाटे पेपर टाकणाऱ्या मुलाला, रात्रपाळी संपवून चालत घरी जाणाऱ्या कामगाराला, कचरा वेचणाऱ्या बाईला, वस्तीच्या बोळात खेळणाऱ्या पोरांना. बंद गाडीतून ये-जा करणाऱ्याला हा धोका जवळपास नाही. जगात रेबीजने दर वर्षी सुमारे 59 हजार माणसे मरतात असा अंदाज आहे आणि त्यातली एक तृतीयांशाहून अधिक भारतातली. पिसाळल्याचा संशय असलेल्या प्राण्याने चावलेल्यांत दर दहांमागे चार जण पंधरा वर्षांखालचे असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकदा लक्षणे दिसू लागली की हा रोग जवळजवळ कधीच माघारी फिरत नाही. अशा वेळी चावा बसलेल्या मुलाच्या आईला ‘तुमच्या मुलानेच खोडी काढली असेल’ असे ऐकवणारे प्राणिप्रेमी मी पाहिले आहेत. त्यांची करुणा जातिवंत नाही. कुत्र्याच्या दुखऱ्या पायासाठी मध्यरात्री धावणाऱ्याने त्या आईसोबत सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभे राहायला हवे, आणि तेही सर्वांत आधी.

अनेकदा त्या रांगेपर्यंत ती पोहोचतच नाही, हे आपल्या अंधश्रद्धेचे कर्तृत्व आहे. चावलेल्या जागी मिरचीपूड भरायची, चुना लावायचा, तेल-हळद चोपडायची, अमक्या विहिरीचे पाणी पाजायचे, गंडा बांधायचा, अंगारा लावायचा. हे खेड्यातच चालते असे समजू नका. महाराष्ट्राने 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला तेव्हा त्याच्या अनुसूचीत एक स्वतंत्र कलम घालावे लागले: कुत्रा, साप किंवा विंचू चावल्यावर माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे असे उपचार करणे हा गुन्हा आहे. ज्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अनेक वर्षे झगडा दिला आणि जो त्यांच्या खुनानंतर लगोलग आला, त्यात कुत्र्याच्या चाव्याचा उल्लेख करावा लागला, यावरून प्रश्नाचा आकार लक्षात यावा.

उपाय साधा आहे आणि तो प्रत्येकाला तोंडपाठ हवा. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. मग वेळ न दवडता दवाखाना गाठायचा आणि लसीचे सगळे डोस पुरे करायचे. जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल तर जखमेच्या आत रेबीजविरोधी सीरमही टोचून घ्यायचे. पोटात चौदा सुया घ्याव्या लागतात ही भीती अजून लोकांच्या मनात घर करून बसली आहे. ती पद्धत केव्हाच बंद झाली. आता दंडात, चार-पाच फेऱ्यांत काम होते. कुत्र्यांसाठी गाण्याचा कार्यक्रम करणाऱ्या मंडळींकडे हजार-दोन हजार श्रोते शांत बसलेले असतात. दोन गाण्यांच्या मध्ये पाच मिनिटे एवढे सांगितले, तर जमलेल्या देणगीइतकेच मोल त्या पाच मिनिटांना आहे.

यानंतर दुसऱ्या आवाजाची, म्हणजे आपल्या भूतदयेची, परीक्षा घेऊ. शनीची पीडा टळावी म्हणून शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालणारे हजारो लोक आहेत. ज्योतिषी सांगतो, पत्रिकेत केतू बिघडला आहे, कुत्र्याला खाऊ घाला. ही दया आहे का? पोळी घालणाऱ्याचे लक्ष कुत्र्याच्या भुकेकडे नाही, स्वतःच्या ग्रहदशेकडे आहे. कुत्र्याच्या जागी उद्या ज्योतिषाने नारळ सांगितला तर तो नारळ फोडेल. म्हणूनच शनिवारी पोळी घालणारा रविवारी त्याच कुत्र्याला जिन्यातून हाकलतो आणि त्याला त्यात विसंगती दिसत नाही. पुण्याच्या हिशेबात लाभ देणाऱ्याच्या नावावर जमा होतो. कर्तव्याच्या हिशेबात तो घेणाऱ्याच्या पदरी पडला का, एवढेच पाहतात.

आपल्याच परंपरेत याचे उत्तर आहे. एकनाथांची ती कथा सर्वांना माहीत आहे: रामेश्वरी वाहण्यासाठी आणलेली कावडीतली गंगा त्यांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. कीर्तनात ही कथा ऐकताना आपण माना डोलावतो आणि तिचा अर्थ मात्र सोडून देतो. नाथांनी गाढवाला पाणी पाजून पुण्य मिळवले, असे त्या कथेत नाही. यात्रेचे सगळे पुण्य हातचे जाईल हे दिसत असताना त्यांनी समोरच्या तहानेला आधी स्थान दिले. गाढवाला काय हवे होते, एवढेच त्यांनी पाहिले.

मग कुत्र्याला काय हवे असते? रोज रस्त्याच्या मधोमध ओतलेला भात आणि बिस्किटांचे पुडे, हे त्याचे उत्तर नाही. वाहत्या रस्त्यात खाणे टाकले की कुत्री गाड्यांखाली येतात, त्यांच्या झुंजी होतात आणि वाटसरूंवर धावून जाण्याचे प्रसंग वाढतात. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की खाऊ घालणारा नसबंदीची जबाबदारी घेत नसेल तर तो एका कुत्रीला जगवतो आणि तिच्या पिल्लांचे मरण वाढवतो. कुत्री साधारण नऊ आठवड्यांत विते आणि वर्षातून दोनदा माजावर येऊ शकते. मांजर तर पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहते. रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लांपैकी किती वर्षभर जगतात, हे कोणत्याही पावसाळ्यात आपल्या गल्लीत मोजून पाहा. पार्व्हो, डिस्टेंपर असे साथीचे रोग, खरूज, चाके. प्रत्येक वेतात उरलेली एक-दोन पुन्हा पुढच्या वर्षी वितात.

इथे धार्मिक वळणाचा आक्षेप येतो: नसबंदी म्हणजे निसर्गात ढवळाढवळ, मुक्या जिवावर जबरदस्ती, पाप. हा आक्षेप महाराष्ट्राने याआधी एकदा ऐकला आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले तेव्हा निसर्ग, धर्म आणि नीती या तिघांच्या नावाने त्यांना छळले गेले. त्यांची प्राध्यापकी गेली. आज त्यांचे म्हणणे प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेले असते. अर्थात माणूस आपला निर्णय आपण घेतो, कुत्री घेऊ शकत नाही, हा फरक मोठा आहे आणि तो मी झाकत नाही. पण म्हणूनच तिच्या वतीने निर्णय घेण्याची जबाबदारी आपल्यावर येते. गल्लीतली कुत्री रानातून आलेली नाही. हजारो वर्षे माणसाच्या उकिरड्याशी, उंबऱ्याशी तिचे आयुष्य बांधले गेले आहे. तिच्या जगण्याच्या साऱ्या अटी आपण ठरवायच्या आणि फक्त पिल्लांचा प्रश्न आला की निसर्गाकडे बोट दाखवायचे, हे तर्काला धरून नाही.

नसबंदी केंद्रात काय होते हे बहुतेक देणगीदारांनी कधी पाहिलेले नसते. पाहावे. पहाटे जाळी घेऊन गेलेली माणसे कुत्री पकडून आणतात. ती घाबरलेली असते, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसते, वाटीतल्या अन्नाकडे बघत नाही. कोणत्या रस्त्यावरच्या कोणत्या खांबापाशी तिला पकडले, हे गळ्यातल्या बिल्ल्याच्या क्रमांकाशी वहीत लिहिलेले असते. कारण तिला परत तिथेच सोडायचे असते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर बेशुद्ध असतानाच कानाच्या टोकाला इंग्रजी ‘व्ही’सारखी छोटी खाच पाडतात, म्हणजे पुढे कोणी तिला पुन्हा पकडून पुन्हा कापणार नाही. रेबीजची लस देतात. टाके सुकेपर्यंत चार-पाच दिवस ठेवतात. हे काम घाईत केले, एकाच्या पिंजऱ्यात तिघांना कोंबले, टाके न बघता सोडून दिले, तर कुत्री जखमेला संसर्ग होऊन मरते आणि कागदावर ‘नसबंदी झाली’ म्हणून तिची नोंद होते. देणगीचे चांगले-वाईट इथे ठरते. व्यासपीठावर नाही.

‘एवढे कशाला, मारून टाका’ म्हणणाऱ्यांना मी मुंबईचा इतिहास सांगतो. 1832 मध्ये कंपनी सरकार मुंबईत प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस लावून कुत्री मारत होते. कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशी समाजाने त्याविरुद्ध बंड केले, शहर बंद पडले. दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि त्यांच्या सोबतच्या व्यापाऱ्यांनी पांजरपोळ उभारला. त्याने काही प्राणी वाचले. पण शहरातले मारणे थांबले नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत मुंबई महापालिका कुत्री मारत राहिली. दीडशे वर्षे मारूनही कुत्री संपली का? उकिरडा भरलेला असला की रिकाम्या झालेल्या गल्लीत शेजारची कुत्री येतात, आणि ती बहुधा लस न टोचलेली, नसबंदी न झालेली असतात. क्रौर्य हा इथे केवळ नीतीचा दोष नाही. तो निरुपयोगीही ठरला आहे.

‘मग सगळ्यांना निवाऱ्यात ठेवा’ हा दुसरा सोपा मार्ग. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात 12.76 लाख भटकी कुत्री मोजली गेली. एका कुत्र्याच्या खाण्यावर दिवसाला केवळ चाळीस रुपये धरले तरी रोजचे पाच कोटी दहा लाख होतात. वर्षाचे साडेअठराशे कोटींहून अधिक. यात जागा नाही, पाणी नाही, पशुवैद्य नाहीत, स्वच्छता नाही. आणि शेकडो कुत्री एकत्र कोंडली की एका डिस्टेंपरने पूर्ण निवारा रिकामा होतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून कोंडण्याचा आदेश दिला. अकरा दिवसांत, 22 ऑगस्टला, मोठ्या खंडपीठाने तो बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत, पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, खाऊ घालण्यासाठी पालिकेने ठरावीक जागा आखाव्यात. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा जागांमधून कुत्री हलवून ती तिथे परत न सोडण्याचा आदेश आला. या शेवटच्या आदेशावर मतभेद असू शकतात. पण शाळेच्या आवारात लहान मुलाची सुरक्षितता आधी, हे मानायला प्राणिप्रेमाची आडकाठी असू नये. आक्षेप घ्यायचा तर तो एवढ्यावरच: हलवलेल्या कुत्र्यांना ठेवणार कुठे, आणि तिथे त्यांना जगता येईल का?

जवळचेच एक उत्तर तपासून पाहण्याजोगे आहे. गोव्यात सरकार, पशुवैद्यक आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून गेल्या दशकात दर वर्षी कुत्र्यांचे सामूहिक लसीकरण केले. हातजाळी घेतलेली पथके गावोगाव, वाड्यावाड्यांवर फिरली. कोणत्या कुत्र्याला कुठे लस दिली याची नोंद मोबाइलवर झाली. टोचलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाची खूण केली गेली. शाळांत मुलांना चाव्याबद्दल शिकवले गेले. एका वस्तीतल्या सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे त्यामागचे साधे विज्ञान. कुत्र्यांतला रेबीज नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. 2017 नंतर सलग काही वर्षे गोव्यात माणसाचा रेबीजने मृत्यू नोंदला गेला नाही आणि 2021 मध्ये हे राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. तिथे कुत्री मारली नाहीत, देव पाण्यात ठेवले नाहीत. कुत्र्याचे भले आणि माणसाचे भले एकाच सुईतून साधले. कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर इथे हे का होत नाही, याचे उत्तर लोकांनी मागायला हवे.

आता खुद्द कार्यक्रमाविषयी. प्राण्यांसाठीच्या संध्याकाळी प्राण्यांचाच छळ होताना दिसतो तेव्हा संयोजकांची कळकळ वरवरची वाटू लागते. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येते. कुत्र्याला त्याच्या दुप्पट आणि मांजरीला तिपटीहूनही अधिक. स्पीकरच्या भिंतीपासून वीस पावलांवर पिंजऱ्यात ठेवलेले मांजरीचे पिल्लू किती वेळ काय सहन करते, याचा विचार करा. ग्लासगो विद्यापीठ आणि स्कॉटलंडची प्राणिरक्षक संस्था यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निवाऱ्यातल्या कुत्र्यांना संथ रॉक आणि रेगे ऐकवल्यावर ती शांत झाल्याचे आढळले. म्हणजे संगीत त्यांचा शत्रू नाही, गोंगाट आहे. तेव्हा प्राणी मैदानावर आणूच नयेत. दत्तक देण्याची शिबिरे सकाळी, शांत जागी, वेगळी व्हावीत. संध्याकाळी पडद्यावर त्यांची छायाचित्रे आणि माहिती दाखवावी. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, हा नियम गणपती मंडळाला जितका लागू आहे तितकाच या मंचालाही. दिवाळीत फटाक्यांनी बिथरलेल्या कुत्र्यांची बाजू मांडणाऱ्याने स्वतःच्या डेसिबलची जबाबदारी घेतलीच पाहिजे.

पुण्यातल्या अशाच एका शिबिरात टेबलावर पाच पिल्ले होती, मांजरीची. दोन पिवळी, एक पांढरे, एक ठिपक्यांचे, एक काळेभोर. दुपारपर्यंत चार गेली. काळ्याला उचलून घेतलेल्या एका कुटुंबाने ते परत ठेवले. मुलगी मागत होती. आजी म्हणाल्या, घरात काळे मांजर नको, रोज आडवे जाईल. मुलीचे वडील अभियंते होते, त्यांनी स्वतःच सांगितले. ते गप्प राहिले. मांजरीच्या केसांच्या रंगाचा आणि त्यांच्या दिवसभराच्या कामाचा कार्यकारणसंबंध काय, हे आईला आदराने विचारता आले असते. ‘आई, रोज आडवे गेल्यावर रोज वाईट होते का, महिनाभर लिहून तर बघू’ एवढे म्हणणे उद्धटपणा नव्हे. शिकलेल्या मुलाचे हे मौन अंधश्रद्धेला घरात जागा देते. आजींना मी दोष कमी देतो.

याच टेबलांवर आणखी एक वाक्य सतत ऐकू येते: ‘नर आहे का? मादी नको.’ पिल्ले घालील, निस्तरावे लागेल, म्हणून मादी नको. एका शस्त्रक्रियेने सुटणारा प्रश्न आहे, हे सांगितले तरी चेहरे बदलत नाहीत. रस्त्यावर, बाजारात, मंदिराच्या पायऱ्यांवर पोत्यात भरून टाकलेल्या पिल्लांत माद्या जास्त का असतात, हे त्यातून कळते. मुलगी नको म्हणणाऱ्या समाजाला हे वाक्य ओळखीचे वाटायला हवे, आणि त्याची लाजही वाटायला हवी. आणि ज्यांच्या हातात मैदानावर हस्कीचा पट्टा असतो, त्यांनाही एक प्रश्न आहे. बर्फात राहण्यासाठी घडलेला प्राणी एप्रिलच्या पुण्यात चौथ्या मजल्यावर ठेवायला तुम्ही हजारो रुपये मोजले. त्या पैशातून चाललेल्या प्रजननाच्या धंद्यात मादीला वर्षानुवर्षे पिंजऱ्यात वीत ठेवतात, हे तुम्हाला माहीत होते का? नसेल, तर आता आहे. पुढचा प्राणी विकत घेऊ नका.

शेवटी पैशाकडे येतो, कारण तिथे लोक सर्वांत जास्त संकोचतात. ‘चांगले काम करणाऱ्यांना हिशेब काय विचारायचा?’ चांगले काम करणाऱ्यांनाच विचारायचा. वाईट काम करणारे तो ठेवतच नाहीत. महाराष्ट्रात नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाला लेखापरीक्षण करून हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात, तो काही सवलतीचा भाग नाही. पण देणगीदाराला त्याहून थोडे अधिक हवे. तिकिटांतून किती आले, मंच आणि ध्वनियंत्रणेवर किती गेले, कलावंतांनी मानधन घेतले का. उरलेल्या रकमेत किती कुत्र्यांची आणि किती मांजरांची नसबंदी झाली, किती दगावली, दत्तक दिलेल्यांपैकी सहा महिन्यांनी किती घरांत प्राणी टिकला. ‘दगावली’ हा रकाना रिकामा ठेवणाऱ्या संस्थेवर माझा विश्वास बसत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या कोणत्याही प्रामाणिक पशुवैद्याचा तो रिकामा नसतो.

कलावंतांनी मंचावरून खाली उतरल्यावरही काम संपले असे समजू नये. रुक्मिणीदेवी अरुंडेल या नर्तकी होत्या, ‘कलाक्षेत्र’ या संस्थेच्या संस्थापक होत्या. 1952 मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाल्यावर त्यांनी प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध स्वतःचे विधेयक मांडले. त्यातून 1960 चा कायदा आला आणि पुढे प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे. साठ वर्षे उलटून गेली, रुपयाची किंमत कुठल्या कुठे गेली, आणि दंड अजून एवढाच आहे. या कायद्याखाली चहा-वडापावच्या पैशांत एखादा कुत्र्याचा पाय मोडून सुटू शकतो. लाखो चाहते असलेला गायक आपल्या खासदाराला यावर एक पत्र लिहू शकतो. ते त्याच्या गाण्याइतकेच ऐकले जाईल.

म्हणून संयोजकांना माझी एक मागणी आहे. पुढच्या कार्यक्रमात मध्यंतराच्या आधी मंचावर दोन खुर्च्या मांडा. एका खुर्चीवर महापालिकेच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बसवा आणि त्यांना चारचौघांत विचारा: आपल्या प्रभागातल्या किती टक्के कुत्र्यांना यंदा लस मिळाली, नसबंदीसाठी मंजूर झालेल्या रकमेतली किती खर्च झाली, पिंजरे किती, गाड्या किती, कचरा उचलण्याच्या वेळा पाळल्या जातात का. नियमांप्रमाणे ही जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे. देणगीदार तिला हातभार लावतो, तिची जागा घेत नाही. दुसऱ्या खुर्चीवर त्याच प्रभागातल्या, मुलाला कुत्रा चावलेल्या आईला सन्मानाने बसवा आणि तिला सरकारी दवाखान्यात लस आणि सीरम वेळेवर मिळाले का, ते तिच्या तोंडून ऐका. ती कुत्र्यांविषयी कडवट बोलली तरी मध्ये बोलू नका. मिळालेली उत्तरे लिहून घ्या, पुढच्या वर्षी याच मंचावरून वाचून दाखवा. गाण्याचा दुसरा भाग त्यानंतर सुरू करा.